अख्ख्या रेणूचं वजन

पंपावर आपण गाडीत भरतो ते डिझेल म्हणजे एक रसायन नव्हे. त्याच्या एका थेंबात हजारो संयुगं असतात आणि त्यातली बहुतेक कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांची बनलेली असतात. डोळ्यांना आणि नाकाला त्यांच्यातला फरक कळत नाही, इंजिनाला मात्र तो नेमका कळतो. सरळ साखळीचं हेक्झाडेकेन, म्हणजे १६ कार्बन आणि ३४ हायड्रोजन, दाबाखाली चटकन पेट घेतं. म्हणून डिझेलच्या सीटेन क्रमांकात त्याला १०० गुण दिले जातात. आपल्याकडे बीएस-६ मानकाच्या डिझेलचा हा क्रमांक किमान ५१ असावा लागतो. तो कमी भरला तर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: या डिझेलमध्ये नेमकं आहे तरी काय?

माझी नोकरी हा प्रश्न सोडवण्यात गेली. मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकले आणि मुंबईतल्या एका इंधन प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटरवर रुजू झाले. रेणूचं वजन करणारं हे यंत्र आता औषध कंपन्यांत, डोपिंगच्या तपासणीत, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत सगळीकडे पोचलं आहे. त्याविषयी मराठीत अधूनमधून वाचायलाही मिळतं. पण रेणूला यंत्रात शिरण्याआधी काय सोसावं लागतं, याबद्दल कुणी लिहीत नाही. सारी गोम तिथेच आहे. रेणू न मोडता त्याचं वजन करण्याची ‘फील्ड आयनायझेशन’ नावाची एक पद्धत आहे. ती मला माझ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मास स्पेक्ट्रोमीटरला विद्युतभार असलेला कणच कळतो. भार नसलेला रेणू चुंबकाला दाद देत नाही, विद्युत क्षेत्रालाही देत नाही. म्हणून आधी त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन काढून त्याचा आयन करायचा, मग तो आयन निर्वातात पळवायचा आणि तो किती वळला किंवा ठरलेलं अंतर किती वेळात कापलं, यावरून त्याचं वस्तुमान काढायचं. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१३ साली याच मार्गानं निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणू दाखवले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी ते उपकरण पुढे कितीतरी अचूक केलं.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. इलेक्ट्रॉन काढायचा कसा? नेहमीच्या यंत्रात तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन ७० व्होल्टनं वेगवान करून रेणूवर आदळवतात. सेंद्रिय रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ९ ते ११ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. टकरीत त्याहून जास्त ऊर्जा रेणूत शिरते, आणि दोन कार्बनांमधला साधा बंध तर साडेतीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच तुटतो. वजन व्हायच्या आतच रेणूचे तुकडे पडतात. कागदावर जो आलेख येतो त्यात अख्खा रेणू कमी आणि तुकडेच जास्त असतात.

या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. ७० व्होल्टवर कुठल्याही देशातल्या कुठल्याही यंत्रात एका संयुगाचे तुकडे जवळजवळ सारखेच पडतात, म्हणून लाखो संयुगांचे आलेख साठवलेली ग्रंथालयं तयार झाली. संगणक नवा आलेख त्यांच्याशी ताडून पाहतो आणि नाव सांगतो. रोजच्या कामाला हे बळ मोठं आहे. पण तुकड्यांवरून वस्तू ओळखायची तर ते तुकडे वेगळे हवेत. खापरांवरून मडकं ओळखता येतं, कारण एखाद्या खापरावर गळ्याची वळी असते, एखाद्यावर नक्षी असते. हेक्झाडेकेनच्या वर्गातल्या, म्हणजे अल्केन कुटुंबातल्या रेणूंची खापरं सगळी एकाच घाटाची निघतात. ४३, ५७, ७१, ८५. प्रत्येक वेळी १४ ची भर, म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन. डेकेन घ्या, पेंटाडेकेन घ्या, आयकोसेन घ्या, तेच आकडे त्याच क्रमानं येतात. हेक्झाडेकेनचं स्वतःचं वजन २२६. त्या वजनाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, उजव्या टोकाला जेमतेम दिसतो, आणि साखळीला फाटे असले तर तोही नाहीसा होतो.

आमच्याकडे नव्यानं आलेली एक मुलगी एकदा आलेख घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, लायब्ररी म्हणते पंचाण्णव टक्के जुळतंय. पण नावं तीन देते, आणि तिन्ही पंचाण्णवच.”

“अगं, नावं राहू दे. रेणूचं वजन किती?”

“तेच तर दिसत नाहीये ना, मॅडम. सत्तावन्न दिसतो, एकाहत्तर दिसतो, पंच्याऐंशी दिसतो. त्यापुढे सगळा गवताळ प्रदेश.”

ती हुशार होती आणि तिचं काम चोख होतं. तिच्या हातातल्या पद्धतीला ते वजन सांगताच येत नव्हतं. दुपारी आम्ही तोच नमुना फील्ड आयनायझेशनच्या सोर्सवर, म्हणजे आयन बनवणाऱ्या भागावर, लावला. सत्तावन्न गेला, एकाहत्तर गेला, आणि गवताच्या जागी एकेक अख्खा रेणू आपापल्या वजनावर उभा राहिला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

हे होतं कसं? रेणूवर काहीही आदळायचं नाही. त्याला एका प्रचंड विद्युत क्षेत्रातून जाऊ द्यायचं. प्रचंड म्हणजे किती, तर एका सेंटीमीटरला सुमारे दहा कोटी व्होल्ट. पावसाळी ढगांत वीज चमकते तेव्हा हवेचा जो रोधकपणा मोडतो, तो कोरड्या हवेत सेंटीमीटरला सुमारे तीस हजार व्होल्टला मोडतो. इथे त्याच्या तीन हजार पटींहून अधिक हवं. एवढं क्षेत्र मोठ्या जागेत निर्माण करणं अशक्य आहे. पण टोकदार वस्तूच्या टोकाशी क्षेत्र एकवटतं, आणि टोक जितकं बारीक तितकं ते तीव्र होतं. टोकाची त्रिज्या मायक्रॉनच्या एखाद्या अंशाइतकी असेल तर दहा-बारा हजार व्होल्टमध्ये काम भागतं. क्षेत्राची ती तीव्रता टोकाच्या अगदी लगतच असते, थोडं दूर गेलं की ती झपाट्यानं उतरते.

रेणूचा इलेक्ट्रॉन रेणूतच राहतो, कारण बाहेर पडायला त्याला ऊर्जेचा एक बांध ओलांडावा लागतो. धन भार दिलेल्या त्या टोकाशी रेणू आला की क्षेत्रामुळे हा बांध एका बाजूनं खचतो आणि अतिशय अरुंद होतो. पुंजयामिकीच्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनला असा अरुंद बांध न ओलांडता त्याच्या आरपार जाता येतं. यालाच टनेलिंग म्हणतात. इलेक्ट्रॉन टोकाच्या धातूत निघून जातो आणि रेणूवर धन भार उरतो. हायड्रोजनच्या अणूबाबत असं घडू शकतं, हे १९२८ साली जे. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी गणितानं मांडलं होतं. अणुबॉम्बच्या प्रकल्पामुळे आज सर्वांना माहीत असलेले ते हेच. तेव्हा ते ऐन चोविशीत होते.

टनेलिंग झालं की धन आयन आणि धन टोक एकमेकांना दूर लोटतात, आणि आयन सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास त्या क्षेत्राबाहेर फेकला जातो. या साऱ्या व्यवहारात त्याच्या आत जवळजवळ काहीच जास्तीची ऊर्जा शिरत नाही. बंध तुटायला लागते त्याहून ती फारच कमी असते. रेणू आला तसा गेला, एक इलेक्ट्रॉन तेवढा मागे ठेवून. म्हणून त्याचं वजन अख्खं मिळतं.

ओपेनहायमर यांचं गणित कागदावर राहिलं असतं, पण बर्लिनमधल्या एका माणसाला सुयांच्या टोकांचं वेड होतं. एर्विन म्युलर यांनी १९३६ साली धातूच्या सुईतून तीव्र क्षेत्रानं इलेक्ट्रॉन ओढून काढणारा सूक्ष्मदर्शक बनवला. मग त्यांनी भार उलटा केला, सुईला धन केलं, भोवती विरळ वायू सोडला आणि टोकाशी तयार होणारे आयन पडद्यावर पाडले. हा फील्ड आयन सूक्ष्मदर्शक १९५१ चा. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गेले. तिथे ११ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं थंड केलेल्या टंगस्टनच्या सुईवर हेलियमच्या आयनांनी उमटलेलं चित्र पाहिलं. त्यात धातूचे अणू एकेक सुटे ठिपके म्हणून दिसत होते. अणू असतात हे मान्य होऊन बराच काळ लोटला होता, पण ते असे सुटे कुणी पाहिलेले नव्हते. त्या विद्यार्थ्याचं नाव कंवर बहादूर. ते भारतातून तिथे पीएच.डी. करायला गेले होते.

हे नाव मी मुद्दाम लिहिते आहे. म्युलर आणि बहादूर यांचा १९५६ सालचा शोधनिबंध धातूच्या पृष्ठभागाशी वायूंचं फील्ड आयनायझेशन कसं होतं, यावरच आहे. अणू पहिल्यांदा पाहणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय होता, हे आमच्या पदवीच्या पाठ्यपुस्तकांत कुठेही नव्हतं. माझ्या ओळखीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना मी हे सांगते तेव्हा बहुतेकांना ते नवंच असतं. शाळा-महाविद्यालयांत विज्ञान दिनाला भिंतीवर चित्रं लावतात, तिथे या माणसाला जागा मिळायला हवी.

म्युलर यांना टोकावरचे अणू पाहायचे होते. तिथून निघणाऱ्या आयनांचं वजन करावं, हे शिकागोत सुचलं. मार्क इन्ग्रॅम आणि रॉबर्ट गोमर यांनी १९५४ साली अशी सुई मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी बसवली. इन्ग्रॅम म्हणजे या यंत्रातले उस्ताद. क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतल्या शिशाची वजनं करून पृथ्वीचं वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं ठरवलं, ते इन्ग्रॅम यांच्याच यंत्रावर. त्यांना आणि गोमरना दिसलं की टकरीनं फुटणारे सेंद्रिय रेणू सुईच्या टोकाशी अख्खे राहतात.

पण एका सुईला टोक एकच. तिथे फार थोडे आयन बनतात आणि संकेत इतका क्षीण येतो की रोजच्या कामाला तो पुरत नाही. इथून पुढची गोष्ट बॉन विद्यापीठातल्या हान्स-डीटर बेकी यांची आहे. माझ्या मते या पद्धतीचे खरे कारागीर तेच. एका सुईऐवजी हजारो टोकं हवीत, म्हणून दाढीच्या पात्याची धारही वापरून पाहिली गेली. शेवटी उत्तर मिळालं ते १० मायक्रॉन जाडीच्या टंगस्टनच्या तारेत. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. ही तार बेंझोनायट्राइलच्या वाफेत, उच्च व्होल्टतेखाली, हजार अंशांच्या वर तापवत काही तास ठेवायची. वाफेतला कार्बन तारेवर जमतो, पण सपाट थरासारखा नाही. क्षेत्र जिथे तीव्र तिथेच तो जमतो, म्हणजे वाढत्या टोकावर. तारेच्या सगळ्या अंगावर कार्बनच्या सूक्ष्म काट्यांचं रान उगवतं. प्रत्येक काट्याच्या टोकाशी ते दहा कोटी व्होल्टचं क्षेत्र असतं. अशा तारेला एमिटर म्हणतात.

आमच्याकडे एमिटर तयार होऊन, लहानशा डबीत दोन खांबांमध्ये ताणून बसवलेले यायचे. डबी उघडताना पंखा बंद करायचा, बोलायचं नाही, हे मला माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिव्याखाली तिरकं धरलं तरच तार दिसते. चिमटा तिला कधीच लागता कामा नये, धरायचं ते फक्त खांबांना. निर्वात राखणाऱ्या कप्प्यातून एमिटर यंत्रात सरकवायचा आणि समोरच्या इलेक्ट्रोडपासून दीड-दोन मिलिमीटरवर थांबवायचा. मग व्होल्टता चढवायची, सावकाश, एकेक पायरीनं. घाई केली किंवा निर्वात पुरेसा नसला की ठिणगी पडते. त्या क्षणी पडद्यावरची रेघ सपाट होते आणि एमिटर गेलेला असतो. दुरुस्ती नाही, नवा बसवायचा. काम करताना टोकांवर नमुन्याचा मळ साचतो. तो जाळायला तारेतून मधून मधून क्षणभर विद्युतप्रवाह सोडावा लागतो. तो जास्त झाला तर काटेच जळतात. हे सारं पुस्तकात दोन ओळींत असतं, पण हाताला यायला फार काळ लागतो. ज्यांच्या हाताला ते आलं, त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे.

एमिटर नीट बसला की नाही ते पाहायला आम्ही ॲसिटोन सोडायचो. नखांवरचं पॉलिश काढतात तेच. त्याचं वजन ५८. नेहमीच्या ७० व्होल्टच्या पद्धतीत त्याचा सर्वांत उंच पीक ४३ वर येतो, कारण मिथाइल गट तुटून पडलेला असतो. एमिटरवर मात्र ५८ एकटा उभा राहतो. तो स्थिर झाला की पुढच्या कामाला लागायचं.

आणि मग डिझेल. आधी ते गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक बारीक नळीतून जातं, म्हणजे कमी तापमानाला उकळणारे रेणू आधी बाहेर पडतात आणि जड रेणू मागाहून. नळीचं तोंड थेट एमिटरच्या पुढ्यात. आता आलेख वाचायला अतिशय सोपा होतो. २२६ वर सोळा कार्बनी अल्केन. दोन हायड्रोजन कमी झाले, २२४ आलं, म्हणजे रेणूत कार्बनचं एक कडं आहे. २२२ म्हणजे दोन कडी. २१८ म्हणजे बेंझीनच्या कड्याला जोडलेल्या साखळ्या. २१२ म्हणजे नॅफ्थलीनचं जोडकडं, ज्याच्या गोळ्या आपण कपाटात ठेवतो त्या कुळातलं. कड्यांची, विशेषतः जोडकड्यांची संख्या वाढली की सीटेन क्रमांक उतरतो आणि धूर वाढतो. शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनची प्रक्रिया कमी पडली की काय, हे या आकड्यांच्या रांगांवरून दिसतं.

इथे एक गुंता आहे, आणि तो सोडवण्यात मला कायम आनंद वाटत आला. सतरा कार्बन आणि बावीस हायड्रोजन असलेला नॅफ्थलीन कुळातला रेणूसुद्धा २२६ चाच भरतो. मग २२६ म्हणजे चांगलं जळणारं अल्केन की धूर करणारं जोडकडं? हायड्रोजनचं अणुवस्तुमान पूर्ण १ नाही, १.००७८ आहे. बारा हायड्रोजन मिळून १२.०९३९ होतात आणि एक कार्बन नेमका १२. म्हणून अल्केनचं खरं वजन २२६.२६६१ आणि त्या दुसऱ्याचं २२६.१७२२. फरक ०.०९३९ चा. आयनांनी ठरलेलं अंतर कापायला घेतलेला वेळ मोजणारं टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्र हा फरक स्वच्छ दाखवतं. तुकडे पडत असते तर हा हिशोब मांडताच आला नसता, कारण कुठला तुकडा कुणाचा हेच कळलं नसतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. या पद्धतीत आयन कमी बनतात, म्हणून अतिसूक्ष्म प्रमाणातल्या द्रव्यासाठी ती योग्य नाही. वेगवेगळ्या कुटुंबांचे रेणू सारख्याच प्रमाणात आयन देत नाहीत. त्यामुळे पीकच्या उंचीवरून थेट टक्केवारी लिहिता येत नाही, माहीत असलेल्या मिश्रणांशी ताडावी लागते. आणि वजन म्हणजे रचना नव्हे. १६ कार्बन आणि ३४ हायड्रोजन १०,३५९ वेगवेगळ्या प्रकारांनी जोडता येतात, आणि ते सगळे २२६ चेच. सीटेन मोजायच्या मानकातच याचा पुरावा आहे. १०० गुणांचं हेक्झाडेकेन आणि १५ गुणांचं, फाट्यांनी भरलेलं हेप्टामिथाइलनोनेन हे दोन्ही सोळा कार्बनी. त्यांच्यातला फरक कळतो तो नळीतून बाहेर पडण्याच्या वेळेवरून, कारण पहिलं २८७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि दुसरं सुमारे २४० ला. म्हणून मी कधीही एकाच पद्धतीवर अहवाल दिला नाही. वजन फील्ड आयनायझेशननं, वेळ क्रोमॅटोग्राफनं आणि तुकडे ७० व्होल्टनं, असे तीनही समोर ठेवूनच सही केली.

बेकी वायूवर थांबले नाहीत. साखरेसारखे पदार्थ वाफ होण्याआधीच करपतात, मग एमिटरपर्यंत त्यांची वाफ पोचणार कशी? १९६९ साली त्यांनी ग्लुकोज द्रावणातून थेट काट्यांवरच चढवलं, वाळू दिलं आणि निर्वातात व्होल्टता दिली. तीव्र क्षेत्रानं ग्लुकोजचे आयन घन अवस्थेतूनच उचलले गेले. टकरीच्या पद्धतीत न सापडणारं १८० च्या आसपासचं अख्खं वजन मिळालं. याला फील्ड डिसॉर्प्शन म्हणतात. काही वर्षांतच लहान पेप्टाइडांची वजनंही अशी झाली. जीवरेणूंना न मोडता तोलता येतं, हे यातून सिद्ध झालं. पुढे त्या क्षेत्रात जॉन फेन यांचं इलेक्ट्रोस्प्रे आणि कोइची तानाका यांचं लेसरवर आधारलेलं तंत्र आलं, दोघांना २००२ चं नोबेल मिळालं आणि बहुतेक प्रयोगशाळांतून एमिटर बाजूला पडले. ते बरोबरच झालं, कारण प्रथिनांसाठी ही नवी तंत्रं फार सोयीची आहेत. पण इलेक्ट्रोस्प्रेला रेणूवर प्रोटॉन चिकटायला जागा लागते, आणि मेणात किंवा डिझेलमधल्या अल्केनमध्ये अशी जागाच नाही. तिथे आजही काट्यांची तारच कामाला येते. हवेशी संपर्क आला की बिघडणाऱ्या धातू-सेंद्रिय संयुगांसाठी बर्नहार्ड लिंडेन यांनी २००४ साली द्रावण केशनळीतून निर्वातातल्या तारेवर सोडण्याची सोय केली, तेव्हापासून या पद्धतीला पुन्हा नवे चाहते मिळाले आहेत.

तेलटंचाईच्या काळात कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत कोळशापासून बनवलेल्या द्रव इंधनांचा अभ्यास याच पद्धतीनं झाला. पण मला स्वतःला भावलेला उपयोग मातीचा आहे. माझे दीर शेती करतात. मृदा परीक्षणाचा कागद घेऊन ते एकदा म्हणाले, “वहिनी, सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक चार आलाय. पण हा कर्ब म्हणजे नक्की काय आहे मातीत? शेणखताचा, की मुळांचा, की काय?” त्या कागदावर याचं उत्तर नसतं. तिथे कार्बन किती एवढंच मोजलेलं असतं, तो कोणत्या रेणूंत आहे ते नाही. जर्मनीत हान्स-रोल्फ शुल्टेन यांनी मातीचा छोटा नमुना निर्वातात सुमारे ७०० अंशांपर्यंत हळूहळू तापवून, निघणाऱ्या वाफा थेट एमिटरवर घेतल्या. शर्करांचे, लिग्निनचे, मेणांचे, नत्रयुक्त पदार्थांचे रेणू आपापल्या वजनानं ओळखू आले, आणि कोणते कोणत्या तापमानाला सुटतात यावरून ते मातीला किती घट्ट धरून आहेत हेही कळलं. या माहितीवरून त्यांनी कॅनडाच्या मॉरिस श्निट्झर यांच्यासोबत १९९३ साली ह्यूमिक आम्लाच्या रचनेचा एक आराखडा मांडला. ते एकसंध मोठ्या रेणूचं चित्र आज जसंच्या तसं स्वीकारलं जात नाही. त्यासाठी केलेली मोजमापं मात्र मोलाची आहेत. दिरांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं की असं परीक्षण आपल्या तालुक्याला का होत नाही. यंत्र महाग आहे आणि हात तयार व्हायला वर्षं लागतात, हेच खरं उत्तर होतं आणि तेच मी दिलं.

ते तयार हात आता कमी होत चालले आहेत. एमिटर हाताळायला शिकवणारे लोक निवृत्त होतात, त्यांच्या जागी येणाऱ्यांना लायब्ररीनं दिलेलं नाव पुरेसं वाटू लागतं, आणि काही वर्षांनी तो सोर्स कपाटात जातो. मला हे होऊ नये असं वाटतं. मिश्रणातला प्रत्येक अनोळखी रेणू आधी अख्खा तोलला पाहिजे, त्याचे तुकडे नंतर बघावेत, असं माझं ठाम मत आहे.

एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवाल तेव्हा सोबतच्या अर्जावर ‘अख्ख्या रेणूचं वस्तुमानही हवं’ अशी एक ओळ लिहा. फील्ड आयनायझेशनची सोय नसेल, तर दुसरी कोणती सौम्य पद्धत तिथे आहे ते विचारा. आणि अहवाल हातात आला की संयुगाचं नाव वाचण्याआधी, आयन कोणत्या पद्धतीनं बनवले ती ओळ वाचा.